अप्पांची बशी

“मी चहा पीत न्हाई, तंबाखू खात न्हाई, मटण तर आमच्या घरात कुणी बघितलं न्हाई. मग छातीत कशापायी दुखून राहिलंय, तेवढं सांगा,” अप्पा टेबलावर पडल्या पडल्या म्हणाले.

“आधी गप्प पडा. बोललात की पट्टी हलते,” मी म्हणालो.

पट्टी म्हणजे ईसीजीची. काळीज ठोका देतं तेव्हा त्यात बारीकशी वीज फिरते, ती मशीन कागदावर रेघेनं काढून दाखवतं. पेशंट हलला किंवा बोलला तर रेघ थरथरते आणि मग काळीज कुठलं आणि गप्पा कुठल्या ते कळत नाही. अप्पांना गप्प ठेवणं हे मशीन चालवण्यापेक्षा अवघड काम होतं. त्यांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. ते अंगावरून उतरवायचं नसतं. ती डबी मी खांद्याकडं सरकवली आणि पुन्हा बटन दाबलं.

पट्टीवर जे आलं ते मला आवडलं नाही. जी रेघ सपाट चालायला हवी ती खाली बसली होती. काळजाच्या स्नायूला रक्त कमी पडत होतं. याला आम्ही अँजायना म्हणतो. हा हार्ट अटॅक नव्हे, पण अटॅक यायचा असेल तर तो याच वाटेनं येतो.

काशिनाथअप्पा हे लातूरच्या मार्केट यार्डातले आडत्ये. शेतकरी माल आणतो, आडत्याच्या दुकानापुढं तो ओततो, लिलाव होतो, आणि आडत्या मधला माणूस म्हणून आपली आडत, म्हणजे दलाली घेतो. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि यार्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. वय पंचावन्नच्या आसपास. लिंगायत घर, दारू-मांसाचा प्रश्नच नाही. त्यामुळं आपल्याला काळजाचा आजार होणं हा सरळसरळ अन्याय आहे असं त्यांचं ठाम मत होतं, आणि तो अन्याय माझ्याच दवाखान्यात झाल्यासारखे ते माझ्याशी भांडत.

चार महिन्यांपूर्वी ते पहिल्यांदा आले तेव्हाही पट्टी अशीच होती. तपासणीत शुगरही वाढलेली निघाली. मी त्यांना आणि त्यांच्या बायकोला समोर बसवून सगळं समजावलं. रिस्क फॅक्टर हा आमच्या धंद्यातला शब्द. एखाद्या गोष्टीनं रोग होतोच असं नाही, पण व्हायची शक्यता वाढते, ती गोष्ट म्हणजे रिस्क फॅक्टर. तंबाखू, वाढलेलं बीपी, शुगर, बसून काम, मीठ, तेल. आणि घरात आधी कुणाला असणं. अप्पांचे वडील छातीत कळ येऊनच गेले होते.

ऐकून अप्पांनी कमरेची चंची सोडली आणि माझ्या टेबलावर ठेवली. लाल कापडाची, कप्प्याकप्प्यांची, आत तंबाखू, चुन्याची डबी, सुपारी.

“घ्या. आजपासून बंद,” ते म्हणाले. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली.

त्यांच्या बायकोला घरात सगळे अव्वा म्हणत, मीही म्हणू लागलो. अव्वांनी तर स्वयंपाकघराचं पोलीस ठाणंच करून टाकलं. लोणचं बंद, पापड बंद, तेल पळीनं मोजून. साखरेच्या डब्याला कुलूप आणि किल्ली कमरेला. नातवाच्या बारशाचा लाडूसुद्धा त्यांनी नवऱ्याच्या हातातून काढून घेतला, असं मल्लूनं मला सांगितलं. मल्लू म्हणजे मल्लिकार्जुन, अप्पांचा एकुलता एक मुलगा. बत्तीस-तेहतीसचा, शांत, बापाच्या अगदी उलट. सुपारीचंही व्यसन नाही.

एवढं करूनही पट्टी सुधारली नाही म्हटल्यावर मी वैतागलो.

त्या वेळी लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी नांदेडहून बदली होऊन सरकारी दवाखान्यात फिजिशियन म्हणून आलो होतो. सगळीकडं नवा जिल्हा, नवी ऑफिसं, नव्या जीपगाड्या, आणि नव्या कमिट्या. आणि नेमका त्याच वेळी दुष्काळ पडलेला. वॉर्डात जुलाब-उलट्यांचे पेशंट जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेले. मी ईसीजीचे कागद मागायला वरिष्ठांकडं गेलो की ठरलेला संवाद व्हायचा.

“डॉक्टर, हार्टचे पेशंट मुंबईला असतात. इथं सलाईन कमी पडतंय.”

“सर, या महिन्यात माझ्याकडं पाच आले.”

“कोण आहेत?”

“दोन व्यापारी, एक मास्तर, एक कंडक्टर, एक कमिटीवाले.”

“मग तेच सांगतोय. सुखवस्तू लोकांची दुखणी. त्यांना म्हणावं, जरा चाला.”

माझं म्हणणं वेगळं होतं. हे लोक सुखवस्तू आत्ता झाले होते. अप्पांचंच बघा. जवानीत ते सायकलवर औशापर्यंत जायचे, गावोगावच्या शेतकऱ्यांना भेटायचे, बांधावर बसून भाकरी खायचे. आता जिल्हा झाला. मल्लूची स्कूटर आली. अप्पा शाळेच्या कमिटीवर, चारा छावणीच्या कमिटीवर. घर ते दुकान स्कूटर, दुकान ते मीटिंग जीप. पाय जमिनीला लागायचे ते फक्त चढण्या-उतरण्यापुरते. अंगात काळीज मात्र त्या सायकलवाल्याचंच होतं, आणि वारसा बापाचा.

पण हे सगळं सांगूनही अप्पांचा प्रश्न सुटत नव्हता. पथ्य चोख होतं, गोळ्या वेळेवर होत्या. मग?

टेबलावरून उठताना अप्पांनी सदऱ्याची बटणं लावली आणि म्हणाले, “आज येळ झाला म्हणून यार्डातनंच आलो. न्हाईतर मी सकाळचाच येत असतो.”

तिथं मला खटकलं. अप्पा नेहमी सकाळी यायचे, अंघोळ-पूजा करून, उपाशीपोटी. तेव्हाचं बीपी ठीक, नाडी ठीक, शुगर थोडी जास्त पण चालण्यासारखी. आज दुपार होती. मी पुन्हा नाडी धरली. धावत होती. बीपी चढलेलं. लॅबला रक्त पाठवलं, तर शुगर इतकी आली की लॅबवाल्यानं बाटली बदलली की काय म्हणून मला विचारायला माणूस पाठवला. सकाळचे अप्पा आणि दुपारचे अप्पा ही दोन वेगळी माणसं होती. यार्डात काहीतरी होत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ओपीडी उरकून यार्डात गेलो.

दुष्काळातलं मार्केट यार्ड ही बघण्यासारखी जागा नव्हे. जिथं पोत्यांतून वाट काढावी लागायची तिथं कबुतरं फिरत होती. काटे रिकामे. हमाल सावलीला झोपलेले. अप्पांच्या गादीवर मात्र माणसांची दाटी. माल नाही तर ही माणसं का आलीत, ते मला आधी कळेना. मग ऐकत बसल्यावर कळलं. कुणाला छावणीत जनावर घालायचं होतं. कुणाच्या गावचा टँकर चार दिवस आला नव्हता, त्यासाठी अप्पांनी कलेक्टर ऑफिसात शब्द टाकावा असं त्याला वाटत होतं. आणि बरेच जण नुसतेच आले होते. घरी बसून करणार काय?

“या या डॉक्टरसाब! आज इकडं कशी वाट चुकली?” अप्पांनी मला लोडाशी बसवलं. शेजारी औशाकडचा एक म्हातारा शेतकरी होता. अप्पांनी ओळख करून दिली, “हे गोविंदमामा. माझ्या बापापासून यांचा माल आपल्याकडं हाय.”

अप्पांनी हॉटेलाकडं बघून एक बोट वर केलं. एक चहा आला. मामांनी कप उचलला, अर्धा चहा बशीत ओतला, आणि बशी अप्पांपुढं धरली. मामांनी कपातला प्यायला, अप्पांनी बशीतला.  मामांनी मग तळहातावर तंबाखू मळली, चुना लावला, वरची भुकटी फुंकून उडवली आणि हात पुढं केला. अप्पांनी चिमूट घेतली आणि ओठात ठेवली.

मी डोळे फाडून बघत होतो. मामा उठले, दुसरा शेतकरी सरकून पुढं आला. पुन्हा एक बोट, एक चहा, अर्धा बशीत. पुन्हा तळहात, पुन्हा चिमूट. मी तासभर बसलो. किती बशा झाल्या ते मी मोजणं सोडून दिलं. त्या चहात साखर अशी की चमचा उभा राहील.

“अप्पा, तुम्ही तर म्हणालात चहा बंद केलाय!”

“केलाच हाय की.”

“मग हे काय होतं?”

“कुठलं? ते? तो मामांचा चहा हाय. मी माझ्यासाठी मागवला का? इचारा कुणालाबी. मी माझ्या नावाचा एक कप बी घेतलेला न्हाई चार म्हैने.”

“आणि तंबाखू?”

“माझी चंची तुमच्याकडं हाय. मी कुठनं खाऊ?”

अप्पा खोटं बोलत नव्हते. मी आजवर पुष्कळ खोटारडे पेशंट पाहिलेत, त्यांचे डोळे इकडंतिकडं फिरतात. अप्पांचे डोळे अगदी स्वच्छ होते. त्यांच्या हिशोबी स्वतःचा चहा म्हणजे स्वतःच्या इच्छेनं, स्वतःपुरता मागवलेला. बशी ही वेगळी गोष्ट. ती रीत होती. शेतकऱ्याच्या हातची चिमूट हीसुद्धा रीत. ती तोंडात जाते आणि तिथून रक्तात जाते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि मी दवाखान्यात बसून “चहा पिता का? तंबाखू खाता का?” एवढंच विचारत होतो.

तंबाखूचं मी थोडं सांगतो. तिच्यामुळं नाडी वाढते, बीपी चढतं, आणि रक्तवाहिन्या आवळतात. आधीच अरुंद झालेली नळी आणखी आवळली की काळीज तक्रार करणारच. वरून दिवसभर साखरेचा मारा. दुपारच्या अप्पांचं कोडं सुटलं होतं.

मी म्हणालो, “बिनसाखरेचा घ्या मग.”

गोविंदमामा तिथंच रेंगाळत होते. त्यांना हसू आलं. “एका कपातला चहा अर्धा गोड अन् अर्धा अगोड कसा व्हईल हो डाक्टरसाब?”

“मग नको म्हणा. सांगा, डॉक्टरनं मना केलंय.”

अप्पा माझ्याकडं सरकले. मग अप्पा हळू आवाजात बोलले. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“साहेब, माल घेऊन आलेल्या माणसाची बशी मी एखाद्या येळी टाळीन. त्याला म्हणता येतंय, पोट बिघडलंय. पण औंदा कुणाकडं माल हाय? हा माणूस रिकाम्या हातानं आलाय. त्याची बशी परत केली तर त्याला काय वाटंल? रिकामा आला म्हणून अप्पानं बशी घेतली न्हाई, असंच वाटंल. घरी जाऊन जेवणार न्हाई तो.”

माझा अंदाज होता की दुष्काळात लग्नं कमी, पंगती कमी, तुपातले पदार्थ कमी, म्हणजे काळजाला बरंच. इथं तर दुष्काळामुळंच बशा वाढल्या होत्या.

मी विचार करत दवाखान्यात आलो. मनाई केली तर हा माणूस ऐकणार नाही, आणि ऐकलं नाही तर वर्षभरात जाईल, हे मला पट्टीवर दिसत होतं. दोन दिवसांनी अप्पा आले तेव्हा मी एक युक्ती काढली.

“अप्पा, एखाद्यानं नेम केला असेल तर त्याला कुणी आग्रह करतं का?”

“छ्या! नेमाच्या माणसाला कोण आग्रह करंल?”

“मग सांगून टाका, चहा-तंबाखूचा नेम केलाय म्हणून.”

अप्पा ताडकन उठले. “खोटा नेम? माझ्या गळ्यात हे हाय,” त्यांनी डबीवर हात ठेवला, “अन् तुम्ही मला खोटा नेम सांगायला लावता?”

ते तणतणत निघून गेले. मी म्हटलं, गेला पेशंट हातचा. पण संध्याकाळी मल्लू आला, हसत. “डॉक्टर, अप्पांनी खराच नेम घेतला. मठात जाऊन. आपल्याकडं माल आणणाऱ्या सगळ्या गावांचा टँकर बंद होईपर्यंत चहा न्हाई, तंबाखू न्हाई.”

यार्डात याचा फार मोठा परिणाम झाला. ज्या बशीच्या नकारानं माणूस दुखावला असता त्याच नकारानं लोक अप्पांच्या पायाला हात लावू लागले. आमच्या गावच्या पाण्यासाठी अप्पांनी चहा सोडला! गोविंदमामांनी तर डोळे पुसले. पुढच्या महिन्यात दुपारची नाडी उतरली. मग शुगर खाली आली. तिसऱ्या महिन्यात पट्टीवरची रेघ उठून जागेवर बसली. अप्पा संध्याकाळी देवळापर्यंत चालत जाऊ लागले आणि छातीत काही होईना. मी पट्टी घेऊन वरिष्ठांकडं गेलो आणि त्यांनी मला काही न बोलता कागदाचे दोन रोल दिले. मी इतका खूश होतो की अव्वांनी दिलेले बिनतेलाचे दशम्या-धपाटेसुद्धा मला चवदार लागले.

वर्ष होत आलं. नांदेडला आमच्या डॉक्टर मंडळींची एक बैठक होती. तिथं मी ही केस सांगितली. नाव न घेता, अर्थात. लोक हसले, टाळ्या वाजल्या. शेवटी माझे जुने सर उठले. रिटायर झाले होते, ऐकू कमी यायचं, पण डोकं तसंच.

“केस चांगली आहे,” ते म्हणाले. “एक विचारतो. शेतकरी अजून येतात?”

“हो सर.”

“चहा अजून येतो?”

“हो.”

“मग आता ती बशी कोण पितं?”

मी हातातले कागद गोळा केले. लोकांना वाटलं सरांनी गंमत केली. सर हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. माझं गाव लोह्याजवळ, गाडी तिथं थांबली की मी नेहमी उतरतो, ओळखीचं कुणीतरी भेटतंच. त्या दिवशी उतरलो नाही. ड्रायव्हर चहाला गेला तर त्याचासुद्धा मला राग आला. लातूरला उतरल्यावर घरी न जाता बॅग घेऊन सरळ यार्डात गेलो.

गादीवर अप्पा नव्हते, शाळेच्या मीटिंगला गेले होते. त्यांच्या जागी मल्लू बसला होता. समोर कुणी शेतकरी, मध्ये एक कप, आणि मल्लूच्या हातात बशी.

त्यानं बशी ठेवली, शेतकऱ्यानं तळहात पुढं केला, आणि ज्या पोरानं कधी सुपारी खाल्ली नव्हती त्यानं सराईतासारखी चिमूट उचलली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काय? हे व्हय? अप्पांचा नेम सुरू झाला तवापासून. गादीवरच्या कुणीतरी बशी घ्याला पायजे ना डॉक्टर. येणारा माणूस एकटा कसा पील?” मल्लू हसला आणि हसता हसता त्यानं छातीवर मूठ चोळली. घाम आला होता. लोडाशेजारी खाण्याच्या सोड्याची पुडी होती.

“हे कशाला?”

“पित्त वाढलंय. आठवडा झाला जळजळतंय. सोडा घेतला की बरं वाटतंय.”

“आज वाटलं का?”

“आज न्हाई वाटलं,” तो म्हणाला.

मी त्याला स्कूटर चालवू दिली नाही. रिक्षात घातला आणि दवाखान्यात आणला. त्याच टेबलावर झोपवला. तो अजिबात बोलला नाही, त्यामुळं पट्टी एकदम स्वच्छ आली. बापाच्या पट्टीत रेघ खाली बसली होती. मुलाच्या पट्टीत ती वर चढली होती. वर चढलेली रेघ म्हणजे नळी पुरती तुंबली, स्नायू मरायला लागला. हा अटॅकच होता.

आज असा पेशंट आला तर त्याला तासाभरात कुठं न्यायचं ते ठरलेलं असतं. तेव्हा आमच्या हातात ऑक्सिजन, दुखणं थांबवायचं इंजेक्शन, जिभेखालची गोळी आणि खाट एवढंच होतं. बाकी काळजाची मर्जी. त्याला पुढं कुठं हलवणंही धोक्याचं होतं, रस्त्यातच काही झालं असतं.

अप्पा आले तेव्हा अव्वा दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्या तोंडून अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. बशी, चिमूट, सोडा. मला वाटलं आता आवाज चढेल. ते बाकावर बसले आणि डबी मुठीत धरली.

“नेम मी केला,” ते म्हणाले, “अन् भोगला ह्यानं.”

त्या दिवशी मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. माझंही वाटलं, पण माझं दुःख पगारी होतं, त्यांचं तसं नव्हतं.

मल्लू वाचला. काळजाचा एक कोपरा कायमचा निकामी झाला, जिना चढताना त्याला मध्ये थांबावं लागायचं, पण वाचला. तो खाटेवर असतानाच पुढचं घडलं. पाऊसपाणी त्या साली बरं झालं होतं, विहिरी भरत आल्या होत्या, आणि कलेक्टर ऑफिसातून टँकर बंद करायचा हुकूम निघाला. यादीत अप्पांची सगळी गावं होती. म्हणजे नेम पुरा झाला.

यार्डात मोठी तयारी सुरू झाली. नेम सोडवायचा मान कुणाचा, यावरून गावागावांत चुरस. प्रत्येक गावाला वाटत होतं, अप्पांनी पहिली बशी आपल्या हातची घ्यावी. मी हे ऐकलं आणि माझी झोप उडाली. कारण खरा नेम हा खराच संपतो. आता अप्पांना नाही म्हणायला काही कारण उरलं नव्हतं.

नेम सोडवायच्या दिवशी सकाळीच ते माझ्या खोलीत आले.

“माझी चंची द्या.”

“नाही देणार.”

“माझी हाय ती.”

“अप्पा, आत पोरगा झोपलाय. त्याच्याकडं बघा आणि मग मागा.”

“बघूनच आलोय. द्या म्हणतोय ना.”

मी ड्रॉवर उघडला. चंची काढून टेबलावर आपटली, चांगली जोरात. अप्पांनी ती उलटी करून कचऱ्याच्या डब्यात झाडली, सुपारीचं खांडसुद्धा ठेवलं नाही. रिकामी चंची कमरेला खोवली. “चला,” ते म्हणाले. मी ओपीडी सोडून त्यांच्या मागं गेलो.

गादीपुढं ही गर्दी. मान गोविंदमामांना मिळाला होता, वयानं थोर म्हणून. एक चहा आला. मामांनी अर्धा बशीत ओतला आणि दोन्ही हातांनी बशी पुढं केली. थोडा चहा सांडला.

अप्पांनी बशी घेतली. कपाळाला लावली, भस्माच्या पट्ट्यांना. आणि मग शांतपणे सगळा चहा मामांच्या कपात परत ओतला.

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले.

“मामा, तुमची बशी मला पावली,” अप्पा म्हणाले. आता आवाज नेहमीचा होता, यार्डाच्या टोकापर्यंत जाणारा. “आजपासून ह्या गादीवर बशी अशीच घेतली जाईल. मी असो का मल्लू असो. नेम नव्हं हा. आता ही गादीची रीत हाय. माझं पोरगं दवाखान्यात पडलंय, अन् ते तुमच्या प्रेमानं पडलंय. मला पुन्हा पाडायचं न्हाई.”

मामांनी कप बाजूला सरकवला. मग त्यांनी नेहमीप्रमाणं तंबाखू मळली आणि तळहात पुढं केला. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला. अप्पांनी चिमूट उचलली, चंचीचं तोंड उघडलं, आणि तीत टाकली.

“घेतली,” अप्पा म्हणाले.

मामांनी कप उचलला आणि काठोकाठ भरलेला चहा एका दमात संपवला. “लई गोड करतोय हो हा हाटेलवाला,” ते म्हणाले, आणि लोक हसले.

पुढं ती रीत शेजारच्या दोन-तीन गाद्यांनी उचलली. सगळ्या यार्डानं नाही. काहींनी अप्पांची टिंगलही केली, चंचीत तंबाखू साठवतो म्हणून. अप्पा रोज संध्याकाळी ती लिंबाखाली झाडत. ते पुढं कितीतरी वर्षं जगले आणि शेवटपर्यंत माझ्याशी भांडले. मल्लू अजून गादीवर बसतो.

मीही आता थकलो, पण सकाळची ओपीडी चालू ठेवली आहे. काळजाचा पेशंट आला की बीपी, शुगर, तंबाखू हे सगळं विचारून होतं. मग मी आणखी एक विचारतो, “तुम्ही उठलात की तुमच्या जागी कोण बसतं?”

बहुतेक जण पोराचं नाव सांगतात. मी म्हणतो, उद्या येताना त्यालाही घेऊन या.